आज उजवा गुडघा, उद्या डावा

माझ्या आजाराचं नाव ऱ्हुमॅटिक फिव्हर. खोपोलीच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीनदा विचारून घेतलं आणि तिसऱ्यांदाही चुकीचंच म्हटलं. आमच्या गावाला हिवताप माहीत होता, कावीळ माहीत होती, क्षय माहीत होता. हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. आणि ज्या दुखण्याला गावात नाव नाही ते ढोंगच असणार, अशी आमच्याकडची पक्की समजूत.

पुढं मी आठ मोसम मुंबईत एका कंपनीच्या टीमकडून लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेनं, खेळलो. आता खेळ सुटला, इथल्या मुलांना शिकवतो. लोक भेटले की विचारतात, गोल किती मारले? आजाराचं कुणी विचारत नाही. मी आपणहून सांगायला लागलो की म्हणतात, "बरा झालास ना? मग झालं तर." झालं कसं? पंधरा ते अठरा ही फुटबॉल खेळणाऱ्याची घडायची वर्षं. माझी ती वर्षं खाटेवर, इंजेक्शनच्या बाकावर आणि बापाशी भांडण्यात गेली. त्याचा राग मला अजून येतो. तो लपवून, आजारानं मला किती शहाणं केलं असा आव आणून मला लिहिता येणार नाही.

लिहितोय ते एवढ्यासाठी की मध्यंतरी लोधिवलीची एक बाई माझ्याकडे आली. तिची मुलगी रोज नवा सांधा दुखतोय म्हणायची, आणि घरातल्या सगळ्यांचं मत पडलं होतं की शाळा चुकवायची नाटकं आहेत. मी त्या बाईला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, तशीच डॉक्टरकडे धाडली.

वालाच्या कडेनं

आमचं गाव खालापूर आणि खोपोलीच्या मधलं. आप्पा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि उरलेल्या वेळात भातशेती करायचे. दोन्ही थोरल्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या. घरात आप्पा, आई आणि मी.

कारखान्याच्या वसाहतीत फुटबॉलचं मैदान होतं, पण ते वसाहतीतल्या मुलांचं. आम्ही गावातली पोरं भात कापून झालं की शेतातच खेळायचो. कापलेल्या भाताची धसकटं बोटभर उंच उरतात आणि उन्हानं वाळून टोचायला लागतात. आमचे पाय अनवाणी. चेंडू जोरात ढकलला की धसकटाला अडून भलतीकडेच जायचा, म्हणून तो पायाशी धरून, हलकेच उचलत न्यायची सवय लागली. बांध ही लाईन. बांधापलीकडे दुसऱ्याचा वाल लावलेला असायचा. चेंडू तिकडे गेला की शेजारीणबाई उभ्या गावाला ऐकू जाईल असा आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्यामुळं बांधाला चिकटून, एका पावलाच्या जागेतून समोरच्याला चुकवून निघायला मी शिकलो. मुंबईत पुढं लोक म्हणायचे, या पोराला लाईन बरी दिसते. शेजारीणबाईंची कृपा.

वसाहतीच्या टीमला साळवी मास्तर शिकवायचे. कारखान्यात टर्नर होते, तरुणपणी मुंबईत गोलकीपर म्हणून खेळलेले. एकदा सायकलवरून जाताना त्यांनी आम्हाला शेतात पाहिलं, सायकल टेकवली आणि अर्धा तास बांधावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीपासून मी वसाहतीच्या मैदानावर होतो. मास्तर आम्हाला घाटातल्या पाइपलाइनच्या कडेनं चढायला लावायचे. कुणी पाय धरून बसला की म्हणायचे, "दुखतंय? पळ. घाम निघाला की दुखणं निघतं." हे त्यांचं एकमेव औषध, आणि ते आम्ही प्रसादासारखं घेत होतो.

त्यांनीच आप्पांना घरी येऊन सांगितलं, की सोळा-सतराचा झाला की याला मुंबईला कंपनीच्या ट्रायलला नेऊ. टीममध्ये घेतलं तर कंपनीत नोकरी लागते, सकाळी कारखान्यात हजेरी, दुपारपासून मैदान, आणि पगार महिन्याच्या महिन्याला. आप्पांना नोकरी ऐकू आली, मला मैदान. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं.

लावणी

मी पंधरा वर्षांचा असताना पेरणीच्या दिवसांत माझा घसा धरला. आईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, चार दिवसांत घसा सुटला. घसा दुखणं हा काही आजार नव्हे, त्यामुळं सगळे विसरलो.

तीन आठवड्यांनी लावणी आली. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज तुमच्या शेतात आमची माणसं, उद्या आमच्या शेतात तुमची. ज्या घरातून जेवढे हात गेले तेवढे हात परत यायचे. आमच्या घरचे हात तीन. त्यातला एक जरी कमी पडला तरी कुणी तोंडावर बोलत नाही, पण पाठीमागं वर्षभर बोलतात.

सावडीच्या पहिल्याच सकाळी माझा उजवा गुडघा सुजून टम्म झाला. पाय टेकवेना. आईनं एरंडाची पानं गरम करून बांधली आणि मला घरी ठेवलं. आप्पा दारातून जाताना गुडघ्याकडे एकदा बघून गेले.

दुसऱ्या दिवशी उठलो तर गुडघा बरा. अगदी बरा, काल काही झालंच नव्हतं असा. तो रविवार होता, वसाहतीची मॅच होती आणि मास्तरांनी निरोप धाडला होता. मी शेतावर गेलो, दुपारपर्यंत लावणी केली आणि जेवायच्या सुट्टीत मॅचला पळालो. एक गोल मारला. गाव लहान. संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत गोल घरी पोचला होता.

तिसऱ्या दिवशी डावा घोटा सुजला.

माझी बाजू मला आज मांडता येते. तेव्हा काय सांगणार? आज उजवा, उद्या डावा, मध्ये एक दिवस बरा आणि तो दिवस नेमका मॅचचा. मी बांधावर बसून घोटा दाखवत होतो आणि सावडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. लावणीत सगळ्यांचेच पाय दुखतात. सगळ्यांच्याच बोटांत चिखल्या पडतात. दुखण्याची ओरड करणारं एखादं कामचुकार पोर दरवर्षी निघतंच. त्या वर्षी ते आमच्या घरातून निघालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"मॅचला पाय बरा, आन लावणीला लंगडा?" आप्पा म्हणाले.

"खरंच दुखतोय, आप्पा. काल हा नव्हता दुखत."

"मंग परवा कुठला व्हता?"

"उजवा गुडघा."

सावडीतून कुणीतरी खो खो हसलं. आप्पांनी सगळ्यांच्या देखत माझ्या कानफटात मारली आणि दंड धरून मला शेतात उतरवलं. आप्पांनी मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली होती, हे मला तेव्हाही कळलं. पण मला ते नको होतं. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी म्हणावं, पोरगा खरं बोलतोय.

मी पुढं चार दिवस लावणी केली. अंगात ताप असायचा. घोटा बरा झाला आणि मनगट धरलं, मनगट सुटलं आणि पुन्हा गुडघा, या वेळी डावा. मी सांगायचंच सोडून दिलं. पाचव्या दिवशी रोपांच्या जुड्या घेऊन बांध चढताना श्वासच पुरेना. पाइपलाइनच्या कडेनं पळत चढणारा मी हातभर उंच बांधावर बसलो आणि बसल्या जागी कलंडलो. आईनं हातातली रोपं टाकली.

"आवो, हा नाटक नाय करत! ओठ निळे पडलेत बघा याचे," ती ओरडली.

गुडघा दुखतोय आणि नळी छातीला

खोपोलीच्या डॉक्टरांकडे आप्पांनी मला शेजाऱ्याच्या टेंपोत घालून नेलं. मी गुडघा पुढं केला. डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि छातीला नळी लावली. पुढून ऐकलं, मागून ऐकलं, कुशीवर निजवून ऐकलं. मी वैतागलो. म्हटलं, "डॉक्टर, गुडघा दुखतोय."

"कळलं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी घसा दुखला होता का?"

आई म्हणाली, दुखला होता. आप्पा म्हणाले, घशाचा आन पायाचा काय संबंध? डॉक्टरांनी समजावून सांगितलं. घशातली लागण गेली असं आपल्याला वाटतं, पण काही मुलांत तिच्या मागोमाग हा ताप येतो. तो एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतो. सांधे आपोआप बरे होतील, त्यांची काळजी नको. "मला काळजी आहे याच्या काळजाची. झडपेला सूज आलीय, आवाज येतोय. आजच्या आज मुंबईला न्या."

आप्पांनी मान खाली घातली आणि पायांतल्या वहाणांकडे बघत विचारलं, "डाक्टर, चार दिस आदी आनला असता तर?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं, "चार दिवस निजवून तरी ठेवायचा होता."

आप्पांनी ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली. आणि मला, खरं सांगतो, काळजाची भीती वाटायच्या आधी आनंद झाला. ढोंग नव्हतं! डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्यांसमोर. माझी इच्छा होती की परत जाताना टेंपो गावातून न्यावा आणि सावडीतल्या प्रत्येकाला थांबवून हे ऐकवावं. मग मी विचारलं, "मॅच कधी खेळता येईल?" आणि डॉक्टरांनी माझ्याऐवजी आईकडे बघितलं. तेव्हा भीती वाटली.

खाट

मुंबईच्या त्या सरकारी हॉस्पिटलात मी दहा आठवडे होतो. पहिले सहा आठवडे उठून बसायचीसुद्धा बंदी. पंधरा वर्षांच्या मुलाला, ज्याला काही दुखत नाही, त्याला निजून राहायला सांगणं ही काय शिक्षा आहे हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. कारण सांधे डॉक्टर म्हणाले तसे आठ-दहा दिवसांत बरे झाले. दुखणं गेलं आणि आजार राहिला. पहाटे थर्मामीटर, मग भांडं, मग स्पंजिंग, मग चहा. बाजूला पडदा ओढून भांड्यावर बसवायचे, बसवायचे म्हणजे निजल्या निजल्याच. लाजेनं पहिले दोन दिवस मी पाणीच प्यालो नाही.

गोळ्या पांढऱ्या, अ‍ॅस्पिरिनच्या, ढीगभर. त्यांनी कानात रातकिडे ओरडायला लागले. भरदुपारी, वॉर्ड गजबजलेला असताना माझ्या कानात रातकिडे. पोट जळायचं. ज्यांना ह्या गोळ्या चालू असतील त्यांनी कानातला आवाज डॉक्टरांना जरूर सांगावा, सहन करत बसू नये. मी आठवडाभर गप्प राहिलो, कारण दुखण्याचं सांगून काय होतं याचा अनुभव मी नुकताच घेतला होता.

वॉर्डात केरळकडच्या एक सिस्टर होत्या. नाडी बघायला त्या गुपचूप यायच्या. एकदा चादरीखाली माझे पाय चालले होते. डोळे मिटून मी बांधाच्या कडेनं चेंडू नेत होतो. सिस्टरनी मनगट धरलं आणि नाडी मोजून कपाळाला आठ्या घातल्या.

"काय करते तू?"

"काही नाही, सिस्टर."

"झूठ. नाडी पळते. फुटबॉल बंद!"

डोळे मिटून खेळायचीही बंदी. मी त्या दिवशी जेवण परत पाठवलं. पण त्याच सिस्टरनी सहावा आठवडा भरायच्या दोन दिवस आधी, डॉक्टरांचा राउंड होऊन गेल्यावर, मला पाठीला हात देऊन बसवलं आणि पाय खाटेखाली सोडू दिले. तळवे फरशीला लागले. फरशी गार होती. "बस, एक मिनिट," त्या म्हणाल्या, आणि घड्याळाकडे न बघता उभ्या राहिल्या. त्या उपकाराची परतफेड मला करता आली नाही.

आई मुंबईला मावशीकडे राहून रोज यायची. आप्पा पाळी सांभाळून रविवारी यायचे. यायचे, स्टुलावर बसायचे, भात कसा उभा आहे ते सांगायचे. निसवला, दाणा भरतोय, वगैरे. त्या चार दिवसांबद्दल ते बोलले नाहीत. आईनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवायची आणि माझ्याकडे तोंड करून म्हणायची, "त्यांना सांग, जेवून घ्या." मी मध्ये. सांगून सांगून मला कंटाळा आला. एकदा मी चिडून म्हटलं, तुम्ही दोघं आधी भांडून घ्या, माझ्या खाटेवरून निरोप नकोत. आई रडली. आप्पा उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

काळजावाला

घरी आलो ते दोन आदेश घेऊन. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, एकही न चुकवता, कित्येक वर्षं. आणि वर्षभर धावायचं नाही.

इंजेक्शनबद्दल एवढंच सांगतो, की औषध दाट असतं, सुई जाड असते, आणि दोन दिवस बसता येत नाही. चुकवू मात्र नका. पुन्हा घसा धरला की पुन्हा ताप आणि पुन्हा झडप, हे एवढं लक्षात ठेवलं तर पुरे. मला चुकवायची सोयच नव्हती, कारण आप्पा होते. खोपोलीच्या दवाखान्यात ते मला घेऊन जायचे, कंपाउंडरकडून चिठ्ठीवर तारीख घालून घ्यायचे आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायचे.

त्यांनी माझा चेंडू शेजाऱ्याच्या पोराला देऊन टाकला. शाळेत जाऊन सांगितलं. साळवी मास्तरांना सांगितलं. किराणा दुकानदारालासुद्धा सांगितलं, हा सायकल दामटताना दिसला तर अडवा. गावात माझं नाव पडलं, काळजावाला. विहिरीवर मी कळशी उचलली की कुठूनतरी बाई धावत यायची, "ठेव रं बाबा खाली, काळजाचा तू!" ज्या बाया लावणीत हसल्या त्याच ह्या.

दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आवाज गेला. आता हळूहळू खेळू दे."

"नाय," आप्पा म्हणाले.

"अहो, मी डॉक्टर आहे. मी सांगतोय, बरा आहे."

"तुमी सांगता. पन आतलं कुनी बघितलंय?"

डॉक्टरांनी नळी काढून आप्पांच्या कानांत घातली आणि दुसरं टोक माझ्या छातीवर धरलं. आप्पा ऐकत राहिले. मला वाटलं, आता तरी पटेल. त्यांनी नळी काढली, पुसून परत दिली आणि म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?"

मी दवाखान्याबाहेर येऊन त्यांच्यावर ओरडलो. रस्त्यातली माणसं थांबली. आजारी होतो तेव्हा विश्वास ठेवला नाहीत, आता बरा आहे तर त्यावरही नाही! माझ्या अंगाबद्दल माझं एकदा तरी ऐकाल की नाही? आप्पा पुढं चालत राहिले.

मास्तरांकडे गेलो तर तेही बदललेले. "वडलांनी सांगितल्याशिवाय मी तुला मैदानात उतरवणार नाही. आधीच माझ्या डोक्यावर ती लावणीतली मॅच आहे," ते म्हणाले. घाम काढायचं औषध त्यांनी बंद केलं होतं. आता कुणाला साधं खरचटलं तरी त्याला बाहेर बसवायचे.

शेवटी आईनं तोंड उघडलं. दीड वर्षात आप्पांशी थेट बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य असावं. "आजारानं नाय मेला, तुमी असा कोंडून मारताव त्याला."

आप्पांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. मैदानावर ते स्वतः येणार. आणि आले. सरावात दर पंधरा मिनिटांनी ते लाईन ओलांडून आत यायचे, मला थांबवायचे आणि माझ्या छातीवर पंजा ठेवून उभे राहायचे. त्यांना त्यातलं काय कळत होतं देव जाणे. बाकीची पोरं चेंडू पायाखाली धरून वाट बघायची. एकदा तर चालू मॅचमध्ये आले. पंचानं शिट्टी मारली, कोण तुम्ही म्हणून विचारलं. "बाप," असं सांगून आप्पांनी पंजा ठेवला. त्या दिवशी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हरवलेल्या वर्षांचं सोसलं असतं, पण हे हसणं नको होतं.

ट्रायल

सतराव्या वर्षी मास्तरांनी मुंबईतल्या एका कंपनीची ट्रायल ठरवली. मी अजून सज्ञान नव्हतो, फॉर्मवर वडिलांची सही लागत होती, म्हणून आप्पा बरोबर.

मैदानावर मी जसा खेळलो तसा आयुष्यात फार वेळा खेळलो नाही. डावीकडच्या लाईनला धरून मी तीनदा आत शिरलो. कंपनीच्या कोचनी वहीत माझ्या नावापुढं खूण केली आणि मास्तरांना मान हलवून दाखवली. उरली होती फक्त डॉक्टरी तपासणी.

कंपनीच्या डॉक्टरांनी फॉर्म पुढं ओढला. "पूर्वी काही मोठा आजार?"

"नाही," मी म्हटलं. घरून ठरवूनच निघालो होतो. आवाज गेलेला होता. खोपोलीच्या डॉक्टरांनी बरा म्हटलं होतं. मग कशाला सांगायचं?

शेजारच्या खुर्चीवरून आप्पा म्हणाले, "झालेला, सायेब. काळजाचा झालेला." आणि खिशातून इंजेक्शनच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी मला नीट तपासलंही नाही. दोन चिठ्ठ्या वाचल्या, फॉर्मवर रेघ ओढली आणि म्हणाले, "जोखीम कंपनी घेणार नाही." ट्रायल सकाळी आठला सुरू झाली होती. साडेअकराला मी कंपनीच्या फाटकाबाहेर होतो.

पनवेलच्या एसटी स्टँडवर खोपोलीची गाडी यायला वेळ होता. मास्तर चहा आणायला गेले आणि मी आप्पांना धरलं.

"का सांगितलंत? कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"खोटं बोलून खेळशील, आन मैदानात पडशील. मंग तिथं मला कोन सांगंल?"

"खरं बोललो होतो तेव्हा काय केलंत? कानफटात मारलीत. आता खोटं बोललो तर माझी नोकरी घालवलीत. मी बोलायचं तरी काय, ते एकदा सांगून टाका!"

मास्तर चहा घेऊन आले. आप्पांनी आपला चहा माझ्यापुढं सरकवला, मी तो तसाच राहू दिला. मला दया आली नाही. आजही मी स्वतःला विचारतो, यायला हवी होती का? पण त्या दिवशी मी सतरा वर्षांचा होतो आणि माझं सगळं गेलं होतं.

घरी आल्यावर मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. इंजेक्शनला मात्र आम्ही जातच होतो. बाकावर दोघं शेजारी बसायचो.

पुन्हा तोच प्रश्न

पुढच्या वर्षी मास्तरांनी दुसरी कंपनी शोधली. आता मला अठरा पूर्ण झाली होती. कुणाच्या सहीची गरज नव्हती. मी आप्पांना येऊ नका म्हणून सांगितलं. तरी आले. एसटीत माझ्या मागच्या बाकावर बसले.

ट्रायल ठीक झाली. मागच्या वर्षीसारखी नव्हे. भीतीनं पाय जड झाले होते, तरी कोचनी नाव लिहून घेतलं. मग डॉक्टरांची खोली. आप्पा बाहेर बाकावर बसले. चिठ्ठ्या त्यांनी मला दिल्या, मी त्या खिशात कोंबल्या. आत मी आणि डॉक्टर, दार लोटलेलं.

"मोठा आजार काही झाला होता?"

नाही म्हटलं असतं तर या वेळी खोडून काढायला कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मला गेल्या वर्षीच्या डॉक्टरांच्या खोलीऐवजी लावणीचा चिखलच आठवला. मी खरं बोलत असताना सगळे हसले होते. तेव्हा खरं बोलणारा मी एकटाच होतो, आणि ते मी नंतर सोडून दिलं होतं. ते सोडायला नको होतं.

"हो," मी म्हटलं, आणि घशापासून सगळं सांगितलं. चिठ्ठ्या काढून दिल्या. मनात म्हटलं, गेलं हेही वर्ष.

डॉक्टरांनी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून बघितल्या. मग मला तीन मजले पळत चढायला लावलं, खाली आल्याबरोबर छाती ऐकली, कुशीवर निजवून ऐकली. पुष्कळ वेळ लावला. "पहिलं वर्ष तुझं नाव कच्चं ठेवतो. इंजेक्शन चुकलं तर मी स्वतः तुला टीममधून काढीन," असं म्हणून त्यांनी सही केली.

बाहेर आलो. आप्पा उभे राहिले.

"इचारलं?"

"विचारलं."

"मंग? काय सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

मला बाजूला करून आप्पांनी दार ढकललं आणि आत गेले. माझा संताप मस्तकात गेला. आजही! आजही हा माणूस पडताळून बघणार! आतून त्यांचा आवाज आला, "सायेब, मी याचा बाप. पोरानं आजाराचं सांगितलं का?"

"सांगितलं. तुम्हालाही माहीत नसेल एवढं सांगितलं."

आप्पा बाहेर आले. मला कंपनीनं घेतलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "खरं बोललास."

हे दोन शब्द ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो. ते मिळाले तेव्हा माझ्या हातात सही झालेला फॉर्म होता, पण मला नुसतं भडभडून आलं. मला ते इथं, या खोलीच्या दारात नको होते. मला ते लावणीच्या शेतात हवे होते, सगळ्यांच्या देखत. ते मी आप्पांना सांगितलं. या वेळी त्यांनी ऐकून घेतलं.